तिकडे बरं की इकडे?

परदेशात चार-दोन वर्षं काढून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो. तिकडे बरं की इकडे? पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात तेव्हा त्यांना पगार, टॅक्स, घरभाडं आणि ट्रॅफिक यांचा ताळेबंद हवा असतो. नागभीडला हाच प्रश्न जरा वेगळा येतो. "तिकडं भात भेटते का जी?" भेटते म्हटलं की निम्मी काळजी मिटते. मग, "अन् वाघ?" वाघ नाहीत म्हटलं की उरलेली मिटते. मी सहा वर्षं टोकियोत होतो, आता नागपुरात आहे आणि दर दुसऱ्या शनिवारी नागभीडला घरी जातो. त्यामुळे माझ्याकडे उत्तर तयार असणार अशी लोकांची रास्त अपेक्षा असते. एका वाक्यात ते देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर.

आकडेच बघायचे तर विषय दोन मिनिटांत संपतो. २०२५ साली आलेल्या मानव विकास अहवालात जपान २३ वा आणि भारत १३० वा. जपानी बाई सरासरी ८७ वर्षं जगते, पुरुष ८१. आपण सत्तरच्या आसपास. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट'मध्ये जपान ५५ वा आहे (आपण ११८ वे, फार हुरळून जायला नको). म्हणजे इतकं सगळं असून ती मंडळी म्हणावी तितकी खूश नाहीत. पण आमच्या धंद्यात सरासरीवर कोणी फारसा विश्वास ठेवत नाही. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम झकास असतो आणि त्याच वेळी शंभरातला एक गिऱ्हाईक स्क्रीनकडे बघत शिव्या घालत बसलेला असतो. म्हणून आम्ही तो शंभरातला एक आधी बघतो. देशांचंही तसंच करावं असं मला वाटतं. चांगला दिवस दोन्हीकडे चांगलाच जातो. वाईट दिवशी काय होतं ते बघावं.

ज्यांना नागभीड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तरेला, नागपूरपासून उमरेड-भिवापूर मार्गे शंभरेक किलोमीटरवर तालुक्याचं गाव. भाताची शेती, मामा तलाव (म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मामाचे नव्हेत), बाजूला घोडाझरीचं जंगल, आणि रेल्वेचं जंक्शन. गोंदिया-बल्लारशाह ब्रॉडगेजला इथे नागपूरहून येणारी अडीच फुटी नॅरोगेज मिळायची. शंभरेक किलोमीटरला चार-पाच तास घ्यायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेज करायची म्हणून ती बंद झाली, आणि पुढे वर्षानुवर्षं काम चालू राहिलं नि लोक बसने जात राहिले.

टोकियोत पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ही नॅरोगेजची गोष्ट ऑफिसात मोठ्या चवीने सांगितली. एका जपानी सहकाऱ्याने शांतपणे सांगितलं की त्यांचीही बहुतेक रेल्वे नॅरोगेजच आहे. आणि खरंच आहे. शिंकान्सेन सोडली तर जपानचं बरंचसं जाळं साडेतीन फुटी आहे. त्यांची पहिली गाडी १८७२ ची, आपली १८५३ ची. म्हणजे आपण एकोणीस वर्षं आधी, आणि रूळही रुंद! नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी वीस सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली होती. तीही साडेतीन फुटी रुळांवरूनच धावते. तेव्हा रुळांच्या रुंदीत काही नसतं, एवढं तरी सिद्ध झालं.

रोजच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांनी वाचलेलं असतं. मी निशी-कासाईत राहायचो. भारतीयांची वस्ती असलेला भाग. मराठी इतके की २०१९ साली योगेंद्र पुराणिक तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले. सहा वर्षांच्या पोरी एकट्या शाळेत जातात. विसरलेली छत्री दुसऱ्या दिवशी स्टेशनवर परत मिळते. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा याचं कॅलेंडर नागभीडच्या पंचांगापेक्षा किचकट असतं. आणि तोझाई लाइनवर सकाळी जी गर्दी असते ती २०१९ साली अधिकृत मोजणीत क्षमतेच्या १९९ टक्के होती. विरार लोकलवाल्यांनी हसू नये, तिथे ती मोजतात एवढाच फरक.

भाताचं मात्र थोडं जास्त सांगतो, कारण तिकडे भात भेटते पण तो आपला नव्हे. तिथला कोशिहिकारी चिकट असतो, गोडसर, नुसता खायलाही चांगला. १९५६ साली नोंदवलेलं हे वाण सरकारी संशोधन केंद्रांत, पगारी माणसांनी तयार केलं. आमच्याकडचा एचएमटी तुम्ही पुण्यात, नागपुरात नक्की खाल्ला असेल. तो कुठून आला हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तो नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावचा. दादाजी खोब्रागडे नावाच्या शेतकऱ्याने १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या पाहिल्या, त्या बाजूला काढून पेरल्या, निवडत गेले आणि बारीक दाण्याचं, चांगल्या उताऱ्याचं वाण उभं केलं. जमीन दीड-दोन एकर. वाणाला नाव मिळालं ते त्या वेळी सगळ्यांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं. २००५ साली त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'च्या यादीत नाव आलं. तोवर त्यांचं बियाणं राज्याबाहेरही पोचलं होतं. जून २०१८ मध्ये ते गेले, तेव्हाही गरीबच होते.

आमच्या घरी दादाजींचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, "काम त्यानं केलं, पगार कोणाले?" हे वाक्य मला पुढे फार वेगळ्या ठिकाणी आठवलं. सांगतो.

वाईट दिवसांबद्दल बोलायचं तर आमच्याकडे पहिला मान वाघाचा. शहरात बसून ताडोबाचे फोटो छान वाटतात. मे महिन्यात तेंदूपानं तोडायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बाईला ते वेगळे दिसतात. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तीन बायका वाघाने मारल्या. माणूस दगावला तर राज्य सरकार पंचवीस लाख देतं, आणि तरी पुढच्या मेमध्ये बायका जातातच, कारण पावसाळ्याआधी रोख पैसा हातात येण्याचा तो एक रस्ता आहे. जपानात वाघ नाहीत हे खरं, पण अस्वलं आहेत. २०२५ साली त्यांनी दहाहून जास्त माणसं मारली, आणि नोव्हेंबरमध्ये अकिता प्रांतात पिंजरे लावायच्या मदतीला चक्क सैन्य गेलं. तिथे अस्वल गावात येण्याचं एक कारण असं सांगतात की गावात माणूसच उरला नाही. पोरं शहरात गेली, शेतं झाडोऱ्याखाली गेली. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशभरात नव्वद लाख घरं रिकामी निघाली. आमच्या गल्लीतल्या कुलपं लागलेल्या घरांकडे बघताना हा आकडा आठवतो. आमचं प्रमाण तेवढं नाही. अजून.

आता बाबांचं.

रोवणीचे दिवस होते, जुलैचे. पहाटे सहाच्या सुमारास बाबा अंगणात पडले. वहिनी चहा ठेवत होती. उजवी बाजू गेली होती, बोलणं अडखळत होतं. शेजारच्यांनी पाच मिनिटांत गाडी काढली, चार जणांनी उचलून बसवलं, कोणी पैसे खिशात कोंबले, कोणी सोबत निघालं. कोणाला बोलवावं लागलं नाही. पहिल्या दवाखान्यात सीटी स्कॅन नव्हतं. दुसरीकडे होतं, पण चालवणारा यायचा होता. नागपूरला पोचेपर्यंत साडेपाच तास झाले. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मला फोन आला तेव्हा टोकियोत साडेनऊ वाजले होते आणि मी नुकताच डेस्कवर बसलो होतो. तिथे हेच झालं असतं तर ११९ फिरवल्यावर दहाएक मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली असती, फुकट, आणि तासाभरात स्कॅन झालेलं असतं. ही तुलना मी त्या दिवशी विमानतळावर बसून केली, अजूनही करतो, आणि तिच्यावर कोणी "पण आपल्याकडे माणसं किती धावून आली" असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. माणसं धावून आलीच. गुठळी थांबली नाही.

पण गोष्ट तिथे संपली असती तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. सगळे जपानकडे जा, विषय कट. पक्षाघात एका दिवसाचा असतो, त्यानंतरची वर्षं लांब असतात.

माझ्या टोकियोतल्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा राहायचे. त्यांनाही असाच झटका येऊन गेलेला. जपानात २००० सालापासून शुश्रूषा-विमा आहे, 'काइगो होकेन' म्हणतात. चाळिशी ओलांडली की प्रत्येकाच्या खिशातून त्याचा हप्ता कापला जातो, आणि म्हातारपणी लागेल ती मदत बऱ्याच जणांना दहा टक्के खर्चात मिळते. आजोबांकडे आठवड्यातून तीनदा मदतनीस यायची. आणि गुरुवारी एक गाडी यायची. ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा थक्क झालो. तीन माणसं गाडीतून सुट्या भागांचा टब काढून घरात नेतात, जोडतात, गाडीतून पाइपने गरम पाणी आणतात, आजोबांना उचलून त्यात निजवतात, अंघोळ घालतात, पुसून कोरडे करून पलंगावर ठेवतात आणि टब घडी करून निघून जातात. सगळं तासाभराच्या आत. आजोबांच्या पाठीवर एकही जखम नसणार याची मी पैज लावायला तयार होतो. गाडी गेली की मात्र दिवसभर त्या घरातून फक्त टीव्हीचा आवाज यायचा. मुलगा ओसाकाला होता. मी दुसऱ्या मजल्यावर, मला जपानी मोडकंतोडकं, "आज गरम होतंय" याच्या पुढे आमचं संभाषण कधी गेलं नाही. ते वारले तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मदतनीस आली आणि तिला कळलं. एकच रात्र. त्या मानाने ते नशीबवान. जपानच्या पोलिसांच्या मोजणीनुसार २०२४ साली ७६ हजारांहून जास्त माणसं घरात एकटी असताना मेली, त्यातली तीन चतुर्थांश पासष्टीपुढची. काही जण तर कित्येक आठवड्यांनी सापडतात. २०२१ साली त्या सरकारने एकटेपणासाठी वेगळा मंत्री नेमला होता. आपल्याला हे विनोदी वाटतं. त्यांना नाही वाटलं.

बाबा झटका आल्यापासून एक तासही एकटे नाहीत. सकाळी पेपर वाचून दाखवायला एक निवृत्त गुरुजी येतात. संध्याकाळी ओट्यावर तीन-चार म्हातारे येऊन बसतात, बाबांना अर्धंच बोलता येतं, त्यांना ते पूर्ण समजतं. आता इथेच "बघ, पैसा नसेल पण माणुसकी आहे" असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ओट्यावरची मंडळी सातला उठून घरी जातात. त्यानंतरची माणुसकी म्हणजे माझी वहिनी. पहाटे पाचला ती बाबांना पुसून काढते, कपडे बदलते, भरवते. रात्री दोनदा उठून कूस पालटते. रोवणीत शेतातही जाते. तिची कंबर गेलेली आहे. पहिल्या वर्षी बाबांच्या पाठीला जखम झाली तर गावातल्या दोघींनी तिलाच बोल लावला. भाऊ मदत करतो, मी पैसे पाठवतो, आई सत्तरीची आहे. पण उचलणारी वहिनीच.

तिच्या आयुष्याचा दर्जा कुठल्या अहवालात मोजतात? मी एक साधं माप सांगतो. आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात, कुठे शंकरपट, कुठे मंडई, रात्री दहाला पडदा उघडतो आणि उजाडायला संपतं. २०२३ मध्ये झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. वहिनी माहेरापासूनची नाटकवेडी. हिवाळ्यात सात-आठ नाटकं ठरलेली, स्वेटर, शाल, भुईमुगाच्या शेंगा. बाबा पडल्यापासून तिने एक बघितलं, तेही अर्धं. रात्रीची कूस कोण पालटणार?

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे पुतणी. तिने जीएनएम केलंय आणि जिल्ह्यातल्या एका खाजगी दवाखान्यात महिना बारा हजारांवर काम करते. तिला जपानला जायचं आहे. तिथल्या वृद्धांची शुश्रूषा करायला. जपानने एप्रिल २०१९ पासून असा कामगार-व्हिसा सुरू केला, २०२१ साली भारताशी करार केला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पाच वर्षांत पन्नास हजार कुशल भारतीय नेण्याचं दोन्ही सरकारांनी जाहीर केलं. कारण उघड आहे. तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या अंदाजाने २०४० मध्ये त्यांना २७ लाख २० हजार शुश्रूषा-कामगार लागतील आणि पाच लाख सत्तर हजार कमी पडतील. जपानी पोरं हे काम फारशी घेत नाहीत, पाठ मोडते आणि बाकी नोकऱ्यांपेक्षा पगार कमी. त्यांच्याकडच्या वहिनी संपल्या, आता ते आमच्याकडच्या बघतायत.

तिला सांगितलेला पगार महिना दोन लाख येनच्या आसपास आहे, म्हणजे लाखावर रुपये, कापाकापी होण्याआधी. आमच्या घरात एवढा पगार माझ्याखेरीज कोणाचा नाही. भावाला अभिमानही वाटतो आणि रागही येतो. राग कसला ते त्याने एकदाच बोलून दाखवलं. "आपल्या आजाले सोडून दुसऱ्याच्या आजाले धुवाले जाईन?" वहिनीने तव्यावरची पोळी उलटवत उत्तर दिलं, "इथं धुतलं तर कोणी पैसे देते का?"

तेव्हा मला बाबांचं ते दादाजींबद्दलचं वाक्य आठवलं.

काम तेच आहे. तीच कूस, तोच ओला कपडा, तीच पाठ. एका देशात त्याला परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे, पगार आणि सुट्टी आहे. दुसऱ्या देशात त्याला सून म्हणतात. पुतणी रात्री मोबाइलवर जपानी शब्द पाठ करते. त्यात एक आहे 'ताइइ-हेंकान', म्हणजे दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणं. तिने ते आईला शिकवलं: अंगाखाली जाड चादर आडवी टाकायची, गुडघे वाकवून उभं राहायचं आणि माणसाला न उचलता चादर ओढायची. वहिनीने करून बघितलं आणि म्हणाली, "भाऊजी, हे तुम्ही सहा वर्षं तिकडं राहून सांगितलं नाही!" मी तिकडे डेटाबेस सांभाळत होतो, हे तिला पटण्यासारखं कारण नव्हतं. :)

पुतणी माझ्याकडे सल्ला मागायला आली तेव्हा मी तिला कोणता देश बरा हे सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. तिचे प्रश्न वहीत लिहून आणलेले होते. हा व्हिसा पाच वर्षांचाच का? (हो, या वर्गात तेवढाच, आणि नवरा-पोरं नेता येत नाहीत. तिथली राष्ट्रीय परवाना परीक्षा पास झालं की दुसरा व्हिसा मिळतो, मग नेता येतात.) एजंट अडीच लाख मागतोय, द्यायचे का? (नाही. आधी जपानातल्या मालकाचं करारपत्र दाखव म्हणावं.) तिथे रात्रपाळीला बाईमाणूस एकटं घरी येऊ शकतं का? (येऊ शकतं. मी हे तोझाई लाइनच्या शेवटच्या गाडीत रोज बघितलंय.) इथे ती संध्याकाळी सातच्या पुढे दवाखान्यातून निघाली तर भाऊ आणायला जातो, वाघामुळे आणि वाघ नसलेल्यांमुळेही. चौथा प्रश्न असा होता की तिथली म्हातारी माणसं बोलतात का. मी तळमजल्यावरच्या आजोबांबद्दल सांगितलं. बोलतील, म्हटलं, तुझी भाषा जमली तर फार बोलतील.

मधल्या काळात भावाने गावातल्याच एका बाईंना बाबांसाठी विचारलं. तिने नऊ हजार सांगितले, सकाळी सहा ते दुपारी दोन, आणि रविवारी सुट्टी. भाऊ चाट पडला. त्याचं म्हणणं, काम ते काय, पाच-सहा हजारांचं. वहिनी आतून आली आणि म्हणाली, नऊच द्या. रविवारही कबूल केला. पैसे मी देतो असं ठरलं. पहिल्या महिन्याचे दिले तेव्हा लक्षात आलं, की आमच्या घरात या कामाला आकडा पहिल्यांदाच पडला होता.

पुतणीची भाषेची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. बाई सोमवारपासून येतायत. गुरुजी पेपर घेऊन येतात तेव्हा आता बाबांचं आवरलेलं असतं, आणि या हिवाळ्यात तळोधीच्या नाटकाला जायचं म्हणून वहिनीने भावाला रात्रीची चादर ओढायला शिकवायला घेतलंय. तो शिकतोय. अजून गुडघे वाकवत नाही.